मेसिनाचा काटा, भायखळ्याची कुपी

अनवाणी पायांनी रान तुडवणाऱ्या माणसाला बाभळीचा काटा रुतणे ही आपल्याकडे इतकी नित्याची गोष्ट, की तिचा उल्लेखही कोणी करीत नाही. परंतु तोच काटा तळव्यात मोडून राहिला, दुसऱ्या दिवशी ती जागा लाल झाली, तिसऱ्या दिवशी ठणका लागला आणि पुढे जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली, म्हणजे घरातील वडीलधारी बाई ‘अवधाण आले’ एवढेच म्हणून पोटिसासाठी कणीक शिजवायला घेते. जखम तळपायाला आणि गाठ जांघेत, हा दूरचा संबंध त्या बाईला कोणी शिकवलेला नसतो. तो त्या एका शब्दातच पिढ्यानपिढ्या चालत आलेला असतो. मात्र ही लाली, हा ठणका आणि ही गाठ काट्याने केलेली आगळीक म्हणायची की शरीराने स्वतः योजलेली तजवीज, या प्रश्नाचा निवाडा होण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. आणि तो निवाडाही एका काट्यावरूनच सुरू झाला.

लक्षणांची यादी फार पूर्वीच तयार होती. सुश्रुतसंहितेत शोफाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत, आणि कच्च्या गळवावर शस्त्र चालवणारा व पिकलेल्या गळवाकडे दुर्लक्ष करणारा अशा दोन्ही वैद्यांना एकाच तागडीत घालून त्यांची सारखीच निर्भर्त्सना केली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे नोंदली, ती आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ करावी लागतात. पण लक्षणे ठाऊक असणे निराळे आणि त्यांचा हेतू उमगणे निराळे. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांच्या पश्चात १७९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाह हा मुळात रोग नव्हे, ती शरीराची हितकर क्रिया होय, असे प्रतिपादन आहे खरे; तथापि पुराव्यावाचून केलेले विधान कितीही मार्मिक असले तरी दप्तरात पडून राहते, आणि हंटरच्या विधानाचे तसेच झाले.

पुराव्याचा पहिला कागद १८६७ मध्ये रुजू झाला. बर्लिनमध्ये युलिउस कोनहाइम या तरुण विकृतिशास्त्रज्ञाने जिवंत बेडकाच्या आतड्याचा पातळ पारदर्शक पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ताणून धरला आणि त्यातील रक्तवाहिन्यांकडे तो तासन्‌तास पाहत बसला. वाहिन्या प्रथम फुगल्या, रक्ताचा ओघ मंदावला, एरवी मध्यप्रवाहातून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी काठाला लागून रेंगाळू लागल्या, भिंतीला चिकटल्या, आणि अखेर त्या अखंड भिंतीतून, एखादा माणूस कुंपणाच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडावा तशा, एकेक करून बाहेर निसटल्या. पू म्हणजे दुसरे काही नसून रक्तातून बाहेर आलेल्या या पेशींचाच संचय, हे त्यावरून सिद्ध झाले. लालीचे, उष्णतेचे आणि सुजेचे कारण सापडले. पण या पेशी बाहेर पडतात त्या कशासाठी, हे कोनहाइमने सांगितले नाही. पुवातील पेशींच्या पोटात रोगजंतू दिसत, हेही पुढे लोकांच्या नजरेस आले होते, आणि त्याचा अर्थ बहुतेक पंडितांनी असा लावला की, जंतू या भोळ्या पेशींवर स्वार होऊन शरीरभर दौड करतात. पांढरी पेशी म्हणजे शत्रूच्या घोड्यांची पागा, अशी त्या काळची समजूत होती.

ही समजूत उलटी करणारा मनुष्य वैद्य नव्हता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. इल्या मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ मध्ये खारकॉफ प्रांतात झाला. विषय प्राणिशास्त्र, आणि त्यातही समुद्रातील कणाहीन जीवांची गर्भावस्था. ओडेसा येथील विद्यापीठात ते प्राध्यापक होते. स्वभाव पराकाष्ठेचा हळवा आणि उतावळा. पहिली पत्नी क्षयाने वारली तेव्हा त्यांनी अफूचा अर्क घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला; दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने अंथरुणाला खिळल्यानंतरच्या उद्विग्न काळात उलटून येणाऱ्या ज्वराच्या रोग्याचे रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतले आणि त्यातूनही ते वाचले. १८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरचा वध झाला, विद्यापीठांवर सरकारची करडी नजर बसली, आणि त्या कटकटींना विटून मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये राजीनामा देऊन पत्नीसह व तिच्या लहान भावंडांसह सिसिली बेटावरील मेसिना गाठले. समोर सामुद्रधुनी, हाताशी सूक्ष्मदर्शक, आणि डोक्यावर कोणाचाही अंमल नाही. अशा फुरसतीत विचाराला जी पालवी फुटते ती कचेरीच्या घड्याळावर फुटत नाही.

त्या डिसेंबरातील एका दिवशी घरची सारी मंडळी सर्कशीतील शिकवलेली माकडे पाहायला गेली आणि मेचनिकॉफ एकटेच ताराजातीच्या माशाच्या डिंभावस्थेकडे पाहत मागे राहिले. हा डिंभ काचेसारखा पारदर्शक असतो. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जासंस्था म्हणण्यासारखी नाही, पण त्याच्या देहात इकडून तिकडे सरकणाऱ्या पेशी असतात. त्या भटक्या पेशी अन्नकण गिळून पचवतात हे त्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. एकाएकी त्यांच्या मनात आले की, जी पेशी अन्न गिळते तीच आगंतुक शत्रूलाही गिळीत असली पाहिजे. आणि तसे असेल तर या डिंभात एखादे कुसळ खुपसल्यास, माणसाच्या बोटात शिरलेल्या कुसळाभोवती पू धरतो त्याप्रमाणे, या पेशी त्याच्याभोवती गोळा झाल्या पाहिजेत. घराच्या बागेत नाताळासाठी मुलांकरिता एक लहानसे संत्र्याचे झाड सजवून ठेवले होते, त्या बागेतील गुलाबाचे काही काटे त्यांनी तोडले आणि डिंभांच्या त्वचेखाली सरकवले. रात्र जागून काढली. पहाटे पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला.

हा वृत्तांत मेचनिकॉफ यांनी पाव शतकानंतर स्वतःच लिहून ठेवला आहे, आणि इतक्या काळाने सांगितलेल्या गोष्टींना एक प्रकारची गोलाई येते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. सर्कस, माकडे आणि नाताळचे झाड यांची जमवाजमव थोडी अधिकच सुबक आहे. परंतु प्रयोगाचा गाभा निःसंशय आहे, आणि त्यातील युक्तिवादाचे मर्म असे की, त्या डिंभाला रक्तवाहिन्या नव्हत्याच. म्हणजे दाहाचे मूळ वाहिन्यांच्या फुगण्यात नाही, लालीत नाही, उष्णतेत नाही. ही सारी पुढे उत्क्रांतीत जोडली गेलेली साधने, आणि मूळ क्रिया एकच, भटक्या पेशीने धावत जाऊन परक्याला वेढणे. बेडकाच्या पडद्यात कोनहाइमने जे पाहिले त्याचा ‘कशासाठी’ काट्याने सांगितला.

योगायोगाने विकृतिशास्त्राचे तत्कालीन सार्वभौम रुडोल्फ फिर्खो त्याच सुमारास मेसिनात आले होते. त्यांनी हे प्रयोग पाहिले, कौतुक केले, आणि जपून पावले टाकण्याचा सल्ला दिला; कारण पाठ्यपुस्तके सांगतात ते याच्या अगदी उलट आहे, पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करीत नाहीत, त्यांचा प्रसार करतात. व्हिएन्नात प्राणिशास्त्रज्ञ क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींना ग्रीक धातूंवरून ‘फॅगोसाइट’, म्हणजे भक्षक पेशी, हे नाव सुचवले. १८८४ मध्ये गोड्या पाण्यातील डॅफनिया नावाच्या पिसवेवढ्या पारदर्शक जीवात मेचनिकॉफ यांनी प्रत्यक्ष लढाई पाहिली: किण्वाच्या जातीच्या एका परोपजीवीचे सुईसारखे बीजाणू त्या जीवाच्या आतड्याची भिंत फोडून आत शिरत, पेशी त्यांना वेढून गिळून टाकीत, आणि पेशी पुरेशा वेगाने पोचल्या तर तो जीव जगे, बीजाणूंना रुजण्यास अवधी मिळाला तर मरे. आरोग्य आणि मृत्यू यांचा निकाल असा डोळ्यांदेखत लागताना त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता.

पंडितांनी मात्र ते मान्य केले नाही. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये मेचनिकॉफ यांचे स्वागत थंडपणे केले. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी १८८८ मध्ये आपल्या नव्या संस्थेत त्यांना जागा दिली, आणि तेथून पुढची २८ वर्षे ते त्या संस्थेचेच झाले. जर्मनी आणि फ्रान्स यांच्यातील १८७० च्या युद्धाची जखम अजून ओलीच होती, त्यामुळे शास्त्रीय वादाला राष्ट्राभिमानाचीही धग लागली. १८९० च्या डिसेंबरात कॉख यांच्याच संस्थेतून एमिल बेरिंग आणि किटासाटो शिबासाबुरो यांनी असा बार उडवला की, भक्षकवादाचा बुरूज ढासळला असेच पुष्कळांना वाटले: धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचे, पेशी वगळून उरलेले स्वच्छ रक्तजल, दुसऱ्या प्राण्यात टोचले असता त्यालाही संरक्षण मिळते. मग पेशींची गरजच काय? प्रतिकाराचे सामर्थ्य रक्ताच्या द्रवात विरघळलेले आहे, असे बर्लिनचे म्हणणे. ते जिवंत पेशीच्या पोटात आहे, असे पॅरिसचे. १८९४ मध्ये फायफर यांनी दाखवले की, पटकीची लस दिलेल्या गिनीपिगच्या उदरात पटकीचे जंतू कोणीही न गिळता आपोआप विरघळून जातात. आणि दुसऱ्याच वर्षी, विरघळवणाऱ्या या द्रव्याचे दोन घटक वेगळे करून दाखवणारा ज्यूल बोर्दे हा तर खुद्द मेचनिकॉफ यांच्याच प्रयोगशाळेतील उमेदवार होता. मेचनिकॉफ यांच्या ठायी उतावळेपणा होता पण कोतेपणा नव्हता. शिष्याचा प्रतिकूल पुरावा त्यांनी दाबला नाही.

येथपर्यंतची हकीगत युरोपातील विद्वानांच्या भांडणाची आहे, आणि ती तशीच राहिली असती तर तिची आठवण ठेवण्याचे आपल्याला विशेष कारण नव्हते. परंतु ओडेसाच्या त्या प्राध्यापकाचा आणखी एक शिष्य होता. वाल्डेमार हाफकिन, जन्म १८६०, जातीने ज्यू. ज्यूंवरील हल्ल्यांच्या वेळी स्वसंरक्षणाच्या टोळीत सामील झाल्याबद्दल त्याला अटक झाली आणि गुरूंच्या रदबदलीने तो सुटला. धर्म बदलला असता तर अध्यापकाची जागा मिळाली असती. त्याने बदलला नाही. अखेर मेचनिकॉफ यांच्या पाठोपाठ तोही पॅरिसला आला, आणि पाश्चर संस्थेत शास्त्रज्ञाची जागा रिकामी नसल्याने साहाय्यक ग्रंथपालाच्या नोकरीवर राहिला. फावल्या वेळात ग्रंथपालाने पटकीची लस सिद्ध केली, १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली, आणि पुढच्या वर्षी तो कलकत्त्याला उतरला. दोन-अडीच वर्षांत त्याने चाळीस हजारांवर लोकांना लस टोचली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांना काही रोगी आढळले: अचानक चढलेला ताप, झोकांड्या खाणारी चाल, आणि जांघेत किंवा काखेत टणक, अतिशय दुखरी गाठ. २३ सप्टेंबरला हा गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, असल्याचे त्यांनी जाहीर केले आणि शहराची झोप उडाली. गोदीतून उंदीर मरून पडू लागले होते. पण उंदराच्या पिसवेकडे बोट दाखवणारा पोल-लुई सिमाँ यांचा कराचीतील प्रयोग व्हायला अजून दोन वर्षे होती. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईस बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील पेटिट प्रयोगशाळेत त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. सरकारी औदार्याची ही मोजदाद वाचून हसावे की रडावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्या खोलीत तीन महिन्यांत जे घडले ते शास्त्राच्या इतिहासात जितके महत्त्वाचे तितकेच आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचे आहे. बकऱ्याच्या मांसाच्या रसात, गाय आणि डुक्कर या दोहोंना कटाक्षाने वगळून, हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढवले; आणि रसाच्या पृष्ठावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या त्या तरंगत्या चकत्यांना धरून जंतूंच्या वसाहती झुंबराच्या लोलकांसारख्या खाली लोंबत वाढत. चंबू हलवला की लोलक तुटून तळाशी बसत आणि वर नवे धरत. असे काही आठवडे चालल्यावर सारा रस तापवून जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक आम्ल घालून तो कुप्यांत भरायचा. या कुपीत काय काय असावे, याचा हाफकिन यांनी केलेला विचार मला या सबंध प्रकरणाचे मर्म वाटतो. केवळ जंतूंची मृत शरीरे त्यांना पुरेशी वाटली नाहीत. जंतूंनी रसात सोडलेले विषही त्यांना कुपीत हवे होते, कारण शरीरे टोचल्याने रोग जडण्याचे प्रमाण घटावे आणि विष टोचल्याने, रोग जडलाच तर, मरणाचे प्रमाण घटावे, अशी त्यांची अटकळ होती. पेशींचा कैवार घेणाऱ्या गुरूचा हा शिष्य बर्लिनच्या विषवादालाही जागा ठेवीत होता. युरोपात जे दोन पक्ष एकमेकांचे तोंड पाहण्यास तयार नव्हते, ते भायखळ्याच्या कुपीत शेजारी शेजारी नांदत होते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर लस टोचून घेतली; पुढे इतरांना दिल्या गेलेल्या मात्रेहून ही किती तरी मोठी. ताप चढला, टोचलेली जागा सुजून ठणकू लागली, आणि काही दिवसांत सारे ओसरले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तेथील राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली, आणि टोचलेल्यांत रोगाचे व मरणाचे प्रमाण न टोचलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. आगाखानांनी आपल्या खोजा जमातीसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि कामासाठी जागा दिली. तरी लोकांच्या मनातून शंका गेली नाही, आणि तिचे मुख्य कारण तोच ताप आणि तीच सूज. ज्या औषधाने धडधाकट माणूस दोन दिवस तापाने फणफणतो, हात उचलता येत नाही, रोजाची मजुरी बुडते, ते औषध कसले? गिरणीतल्या कामकऱ्याचा हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता; फिर्खोंनी मेसिनात विचारलेला तो हाच प्रश्न होता. दुखणे हे दुखणेच की दुखण्यावरचा बंदोबस्त?

याचे उत्तर आज सविस्तर देता येते. त्वचेखाली परकी वस्तू शिरताच तेथे वस्तीला असलेल्या भक्षक पेशी तिला ओळखतात आणि रासायनिक द्रव्यांच्या रूपाने हाकारा देतात. त्या द्रव्यांमुळे जवळच्या वाहिन्या रुंदावतात, ही लाली आणि उष्णता. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन पाणी आणि प्रथिने बाहेर झिरपतात, ही सूज. मज्जातंतूंची टोके चेतवली जातात, हा ठणका. आणि तीच द्रव्ये रक्तातून मेंदूपर्यंत पोचून शरीराच्या उष्णतेची पातळी वर ढकलतात, हा ताप. गिळलेल्या शत्रूचे तुकडे घेऊन काही पेशी लसिकेच्या वाहिन्यांतून सर्वांत जवळच्या ग्रंथीत जातात. पायाची लसिका जांघेत येते, हाताची काखेत. तेथे त्या तुकड्यांना अनुरूप अशा मोजक्या पेशी निवडल्या जातात, त्यांची संख्या झपाट्याने वाढते, आणि ग्रंथी फुगते. हेच अवधाण. त्यांतूनच पुढे प्रतिपिंडे निर्माण होतात, आणि काही पेशी ती ओळख वर्षानुवर्षे जपतात. लस म्हणजे या यंत्रणेला खऱ्या रोगाआधी दिलेली हूल होय.

प्लेगची गाठ ही याच ग्रंथीची असते, आणि येथे फिर्खोंच्या इशाऱ्याला अनपेक्षित न्याय मिळतो. पिसू बहुधा पायाला चावते म्हणून गाठ बहुधा जांघेत येते. चाव्यातून शिरलेले काही जंतू भक्षक पेशी गिळतात खऱ्या. पण प्लेगचा जंतू कित्येकदा त्या पेशीच्या पोटात मरत नाही. तेथेच तो शरीराच्या उष्णतेला सरावतो, अंगावर आवरण चढवतो, पेशीबरोबर ग्रंथीपर्यंत पोचतो, आणि बाहेर पडल्यावर नव्याने चालून आलेल्या भक्षकांत सुईसारख्या साधनाने विषारी प्रथिने टोचून त्यांना लुळे करतो. पागेची ती जुनी कल्पना सर्वस्वी खोटी नव्हती. सामान्य काट्याबाबत ती चुकली, प्लेगबाबत बरीचशी खरी ठरली. मेचनिकॉफ यांच्या भक्तांनी हा भाग सहसा सांगितलेला नाही.

पण १८९७ च्या मुंबई-पुण्यात ग्रंथीच्या आत काय चालले आहे याची चौकशी करायला कोणाला सवड होती? तेथे गाठ म्हणजे वॉरंट होते. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यात रँडसाहेबांच्या अमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरे झडतीला घेतली, स्त्रीपुरुषांच्या काखा आणि जांघा चाचपल्या. आणि घाईघाईने चाचपणाऱ्या बोटांना काट्याने आलेले अवधाण आणि मरीची गाठ यांतला भेद दर वेळी कळत असेल, यावर कोणी विश्वास ठेवावा? मुंबईत त्याआधीच, २९ ऑक्टोबरला, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली होती. १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास मराठी वाचकाला मुखोद्गत आहे, म्हणून येथे तो लांबवीत नाही.

त्याच मार्चमध्ये मुंबईत आणखी एक पाहुणा आला होता. हाँगकाँगला १८९४ मध्ये प्लेगचा जंतू ओळखणारे अलेक्झांडर यर्सां यांनी बेरिंगच्या वाटेने जाऊन घोड्यांपासून प्लेगविरोधी रक्तजल तयार केले होते, आणि चीनमध्ये त्याला यश आल्याची ख्याती होती. मुंबईत ते यश टिकले नाही. रक्तजल म्हणजे उसनी शिबंदी. ती वेळेवर पोचली तर उपयोगी, पण तिच्या पगाराची मुदत थोडी, आणि गाठ आलेल्या रोग्यापर्यंत ती पोचे तोवर बहुधा उशीर झालेला असे. हाफकिन यांची लस उलट. ती रोग्याला निरुपयोगी आणि निरोग्याला उपकारक. पॅरिस आणि बर्लिन यांच्यातील वाद मांडवी-भायखळ्याच्या चाळींतून असा तपासला जात होता, आणि त्याची किंमत मोजणाऱ्यांना तो वाद असल्याची वार्ताही नव्हती.

१८९८ साली नेमलेल्या प्लेग कमिशनने लस रोगाला व मरणाला आळा घालते हे कबूल केले आणि हाफकिन यांच्या मोजमापांतील ढिलाईवर ताशेरे ओढले. त्या कमिशनात आल्मरॉथ राइट हे सभासद होते. याच राइट यांनी १९०३ मध्ये डग्लस या सहकाऱ्यासह दाखवले की, रक्तजलातील काही द्रव्ये जंतूंवर बसतात आणि त्यानंतरच भक्षक पेशी त्यांना चवीने गिळतात. या द्रव्यांना त्यांनी ज्या ग्रीक शब्दावरून ‘ऑप्सोनिन’ म्हटले, त्याचा अर्थ भाकरीबरोबरचे कालवण. म्हणजे आपल्या भाषेत, जंतूला तोंडी लावणे! द्रव आणि पेशी हे प्रतिस्पर्धी नव्हते. एक वाढपी आणि दुसरा जेवणारा. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि रक्तजलपक्षाचे अध्वर्यू पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले, तेव्हा तडजोडीवर राजमुद्रा उमटली. त्याच डिसेंबरच्या २८ तारखेला भूकंपाने मेसिना शहर जमीनदोस्त झाले.

हाफकिन यांच्या नशिबी पारितोषिक नव्हते. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्यांची प्रयोगशाळा थाटामाटाने उघडली खरी. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच कुपीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि सरकारने ठपका हाफकिन यांच्यावर ठेवला. ज्या रोगावरील रक्तजलाने १८९० मध्ये गुरूच्या बुरुजाला खिंडार पाडले, त्याच रोगाने शिष्याला बडतर्फीच्या उंबरठ्याशी आणावे, हा दैवाचा विनोद क्रूर खरा. कुपी उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे पुढे उघडकीस आले. तरी रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहीपर्यंत, म्हणजे १९०७ पर्यंत, त्यांना न्याय मिळाला नाही. ते कलकत्त्याला परतले, पण उमेद परतली नाही. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले ते १९२५ मध्ये, ते हिंदुस्थान सोडून गेल्यावर सुमारे दहा वर्षांनी.

मेचनिकॉफ उतारवयात वेगळ्याच मार्गाला लागले. वार्धक्य हे आतड्यातील कुजकट जंतूंच्या विषाने येते, असे त्यांच्या मनाने घेतले आणि आंबवलेल्या दुधाचा त्यांनी असा पुरस्कार केला की, पॅरिसमध्ये दही खाण्याची चाल पडली. रोज दहीभात कालवणाऱ्या महाराष्ट्राला या शोधाचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. १५ जुलै १९१६ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. हाफकिन १९३० च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. गुरूंची रक्षा एका कलशात भरून पाश्चर संस्थेतच ठेवण्यात आली. जागा निवडली ती ग्रंथालयाची, जेथे ओडेसाहून आलेल्या एका तरुणाने, दुसरी नोकरी मिळाली नाही म्हणून, काही काळ पुस्तके लावली होती.